सदर झाड

८ नोव्हेंबर १९६५

पालघरच्या वकिलांनी सांगितले, दावा लावायचा तर तोंडी रडगाणे चालत नाही, काय काय नुकसान होते ते तारीखवार लिहून ठेवा. म्हणून आजपासून लिहीत आहे.

मी विश्राम चुरी, वय चौपन्न, राहणार घिवली. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल. धंदा पानमळ्याचा. बायको वारून नऊ वर्षे झाली. एकच मुलगी सुलू, ती सरावलीला दिली आहे. जावई दिनानाथ बिजलीघराच्या बांधकामावर आहे. घरी मी एकटा.

तक्रार अशी. माझ्या मळ्याच्या पश्चिमेला, दर्याच्या अंगाला, दमयंती ठाकूर यांची वाडी आहे. सदर बाई लष्करी इस्पितळात नर्स होत्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. नोकरी संपली तशा चार वर्षांपूर्वी बापाच्या जागेत येऊन राहिल्या. येताना श्रीनगरहून पत्र्याच्या डब्यातून एक रोप आणले. त्याला पांढरा पॉप्लर म्हणतात. ते त्यांनी आमच्या सामाईक बांधाजवळ, माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर लावले. चार पावसाळ्यांत ते माझ्या कौलांच्या वर गेले. नारळाला इतक्या वर्षांत धड खोड धरत नाही.

झाड वर गेले त्याचे मला काही नाही. पण आज सकाळी पानवेलीच्या रांगेत त्याचे पोर उगवलेले सापडले. बी पडून नाही, मुळातून. म्हणजे ते झाड माझ्या जमिनीखालून चालत आले आहे.

१० नोव्हेंबर

पुराव्यासाठी झाडाचे वर्णन हवे म्हणून सदर बाईंकडे गेलो. आधी न्हाव्याकडे जाऊन आलो, कारण दाढी वाढली होती.

झाडाचे वर्णन: साल राखाडी पांढरी, तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे काळे डाग. पान वरून गडद हिरवे, खालून पांढऱ्या लवीचे, कापसाच्या वातीसारखे मऊ. वारा आला की सगळी पाने उलटी होतात आणि हिरवे झाड क्षणात पांढरे दिसते. वरच्या फांद्यांची पाने लहान आणि गोलसर आहेत. मुळातून आलेल्या फुटीची मात्र मोठी, हाताच्या पंज्यासारखी. एकाच झाडाला दोन तऱ्हेची पाने, हे मला संशयास्पद वाटले.

बाईंनी चहा केला. मी म्हटले, "तुमचं झाड माझ्या मळ्यात शिरलंय."

त्या म्हणाल्या, "ते तसंच असतं. एक लावलं की त्याचं कुटुंब होतं. एक काम करा, ती फूट खणून काढू नका. मूळ तुटलं की जास्त फुटतं. जमिनीलगत कापा आणि कापत राहा."

मी म्हटले, "आमी पिढीजात शेती करतो, बाई."

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. चहात गवती चहा होता. चांगला होता.

२१ नोव्हेंबर

आज बुधाला घेऊन खणले. बुधा माझ्या मळ्यात कामाला असतो, डोंगराकडचा, पावसाळ्यात आपल्या शेतावर जातो. खाली मूळ सापडले ते मनगटाएवढे जाड, जमिनीला जवळजवळ समांतर, सरळ विहिरीच्या दिशेने गेलेले. कुदळीने जागोजाग तोडले. संध्याकाळी बांधावरून सदर बाई पाहत होत्या. मीही पाहून घेतले. प्रकरण मिटले असे वाटते. तरी दावा लावणारच, कारण तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ जानेवारी १९६६

बरेच दिवस लिहिण्यासारखे झाले नाही. थंडी पडली आहे. आज पाहिले तर झाडाची पाने पिवळी पडून गळत आहेत, निम्म्याहून अधिक गळालीही. मला वाटले, मुळे तोडली म्हणून मेले. बाईंना सांगायला गेलो. सांगणे माझे कर्तव्य होते. जाताना जरा जड वाटत होते; नुकसानभरपाई मागतील म्हणून असेल.

त्या हसल्या. "मेलं नाही, झोपलंय. तिकडे तर हिवाळाभर काठ्या होऊन उभं असतं. इथे थंडी ती केवढी, पण याची सवय जात नाही."

तिथे बर्फ पडला की इस्पितळाच्या खिडकीतून रांगेने उभी झाडे दिसत, आणि जखमी जवान पान फुटायची वाट पाहत, असे त्यांनी सांगितले. एक जवान रोज विचारी, सिस्टर, आज आलं का? मी विचारले, "मग आलं का?" त्या म्हणाल्या, "आलं. तो बघून घरी गेला."

हे दाव्याच्या कामाचे नाही, पण लिहून ठेवले.

२ मार्च

अनर्थ झाला. जिथे जिथे कुदळ लागली तिथून फूट आली आहे. बांधापासून विहिरीपर्यंत ओळच्या ओळ, कुणी दोरी धरून लावल्यासारखी. बुधा बघत राहिला आणि म्हणाला, "शेट, ह्या झाड हाय का कोंबडी? रोज पिलां काढतंय."

बाईंनी सांगितले होते तसेच झाले. ही गोष्ट वकिलांना सांगावी की नाही याचा विचार करीत आहे.

संध्याकाळी त्या स्वतः विळा घेऊन आल्या आणि माझ्या बाजूची फूट जमिनीलगत कापू लागल्या. मी म्हटले, "राहू द्या." त्या म्हणाल्या, "झाड माझं आहे." दोघांनी मिळून कापले. त्या खाली बसून काम करतात तेव्हा तोंडाने काही गुणगुणतात. कोणते गाणे ते कळले नाही.

१७ एप्रिल

आज मी वाईट बोललो.

विहिरीचे पाणी खाली गेले तेव्हा दिसले. पश्चिमेच्या कडेचे दोन थर आत सरकले आहेत आणि दगडांच्या सांधीतून बारीक मुळे केसांसारखी पाण्यावर लोंबत आहेत. हे झाड पाण्याचा वास घेत येते. विहीर ढासळली तर रहाट बंद, रहाट बंद तर मळा गेला. पानवेल एक दिवस तहान सोसत नाही. आजोबांपासूनचा मळा आहे, आणि माझ्याजवळ दुसरे काय आहे?

तसाच बांधावर गेलो आणि म्हणालो, "तिकडं लोकांचे हातपाय कापलेत, आता इथं माझा गळा कापा." बुधाने ऐकले. रस्त्यावरच्या दोघांनी ऐकले.

त्यांनी एकदा विहिरीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. पाण्याजवळ लावायला नको होतं, मला माहीत होतं. उद्या कुऱ्हाड पाठवा, तोडून टाका." आणि आत गेल्या. दार लावले. दिवसा त्यांचे दार लावलेले मी कधी पाहिले नव्हते.

१८ एप्रिल

कुऱ्हाडीचा दांडा सैल आहे. पाठवली नाही.

२० एप्रिल

आज अमावास्या. अमावास्येला झाड तोडत नाहीत.

२३ एप्रिल

बुधाच्या पाठीत भरले आहे, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, नाही भरले. मी म्हटले, भरेल, जपून राहा.

२५ एप्रिल

बाईच आल्या. "कुऱ्हाड कधी येणार?"

मी म्हटले, "झाड तोडून काय होणार? मुळं राहतीलच, ती दुप्पट फुटतील. तुमीच सांगितलं हाय. आधी विहीर बांधून घेऊ, मग बघू." हे बोलणे अगदी व्यवहाराचे होते.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मी त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणणार होतो, पण शब्द जुळेनात. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. गवंडी बोलवा. मुळं मी कापणार. कोयता लावायचा नाही, करवत पाहिजे. आणि थोडं डांबर."

१४ मे

विहीर झाली. गवंड्याने पश्चिमेचे थर उतरवून पुन्हा रचले. त्याआधी बाई पदर खोचून शिडीवरून विहिरीत उतरल्या. या वयात. एकेक मूळ करवतीने सरळ कापले आणि तोंडाला डांबर लावले. मी वरून शिडी धरून होतो. गवंडी म्हणाला, "बाई, मुळंच हायत ती, माणसाची नस नाय." त्या खालून म्हणाल्या, "जखम स्वच्छ असली की शरीर गप्प बसतं. फाडली की बोंबलतं."

गवंड्याने दोनदा म्हटले तरी मी शिडी त्याच्या हाती दिली नाही. शिडी जुनी आहे, नवी करायला हवी.

२० जून

एक चमत्कारिक गोष्ट. पश्चिमेच्या रांगांतली पाने यंदा सगळ्यांत मोठी आणि तुकतुकीत आली आहेत. दरसाल मे महिन्यात दर्याचा खारा वारा याच रांगांच्या कडा जाळतो. यंदा काही नाही. बांधावर झाडाची फूट डोक्याएवढी उंच झाली आहे, तिची पाने मात्र वाऱ्याने जराही करपलेली नाहीत. पानवेल का सुधारली याचे कारण लागत नाही. शेणखत बदलले होते, त्यामुळे असावे.

११ जुलै

काल दुपारी वादळ झाले आणि सदर झाड मोडले.

झपाट्याने वाढते तसे त्याचे लाकूड ठिसूळ. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खोड कडकन मोडले आणि शेंडा बाईंच्या छपराच्या मागच्या पाख्यावर पडला. आवाज ऐकला तेव्हा मी जेवत होतो. हात न धुता पावसातून धावलो. रस्त्याने जायचे सोडून बांधावरून उडी मारली, गुडघा फुटला.

त्या पुढच्या पडवीत उभ्या होत्या, हातात दिवाणखान्यातले घड्याळ. म्हणाल्या, "हे तेवढं वाचवलं." मग माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाल्या, "बसा." आयोडीन लावले. बाहेर छप्पर गळत होते, आत माझ्या गुडघ्याला पट्टी.

आज दिवसभर मी कौले लावली. बुधा पावसामुळे त्याच्या गावी आहे, तेव्हा कौल हातात द्यायला त्या होत्या. मधेच म्हणाल्या, "चला, तुमचा दावा निकालात निघाला. झाडच राहिलं नाही."

खरे आहे. मला आनंद व्हायला हवा होता. थकव्यामुळे झाला नसेल.

३ ऑगस्ट

झाड गेले म्हणावे तर मोडक्या बुंध्यातून झाडूसारखी फूट आली आहे आणि जमिनीतून पुन्हा पोरे. बांधाच्या कडेने आता रानच झाले आहे. वारा आला की सगळे एकदम पांढरे होते. मी आणि बाई पडवीत बसून पाहत होतो. बराच वेळ गेला.

२६ ऑगस्ट

पालघरला जाऊन वही वकिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचली. मधे दोनदा माझ्याकडे पाहिले. मग वही मिटून म्हणाले, "विश्रामभाऊ, हा दावा माझ्याच्याने चालायचा नाय."

"का? पुरावा कमी हाय?"

"पुरावा भरपूर हाय," ते म्हणाले, "पण कोर्टात दाखवायसारखा नाय. घरी जा. लेकीला एकदा बोलवून घ्या."

सुलूचा यात काय संबंध? वकील म्हातारे झाले, असे वाटले. दुसरा बघायला हवा. येताना गाडीत उमरोळी स्टेशनापर्यंत तोच विचार करीत होतो. घरी आल्यावर मात्र दुसऱ्या वकिलाचे मनातून गेले.

२ ऑक्टोबर

दमयंतीबाई जाणार.

आज त्यांनी सांगितले. चंदीगडला त्यांच्या बरोबरची एक नर्स आहे, तिने छोटे प्रसूतिगृह काढले आहे. ती बोलावते आहे. दिवाळीनंतर जाणार.

"आणि वाडी?"

"तुम्ही घ्या कसायला. तुमची कटकट संपेल."

"बरं झालं," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

५ ऑक्टोबर

दावा न लढता माझ्या बाजूने निकाल लागला. बांध माझा, विहीर माझी, मळा माझा. तरी घास उतरत नाही. आज सुक्या बोंबलाचे कालवण केले होते, तेही बुधाला दिले. तो परवाच गावाहून परत आला. पोट बिघडले असेल.

१६ ऑक्टोबर

दमयंतीबाई म्हणाल्या, जाण्याआधी एक काम करून जाते. विहीर आणि बांध यांच्यामध्ये कमरेपेक्षा खोल चर खणायचा, आणि विहिरीच्या बाजूला उभ्या फरश्या लावून तो पुन्हा भरायचा. या झाडाची मुळे वरच्या वर पसरतात, फरशीला आपटून मागे फिरतात. चराच्या पलीकडे, बांधावर, हवी तेवढी फूट वाढू द्यायची. "तुमच्या वेलींना वारा लागणार नाही," असे म्हणाल्या, जणू हे मला ठाऊकच आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठी पाने शेणखताने आली नव्हती. तो खारा वारा सबंध उन्हाळा या पोरांनी अडवला होता. आणि ही बाई ते तेव्हापासून पाहत होती, बोलली नाही.

मी विचारले, "तवाच का नाय सांगितलं?"

"तुम्ही तत्त्वाच्या गोष्टी करत होतात."

३० ऑक्टोबर

रोज थोडा थोडा चर खणतो. बुधा आणि मी खणतो, त्या माती ओढतात. काम लवकर उरकेल म्हणून बुधा आपल्या बायकोला, लाडकीला, आणतो म्हणाला. मी नको म्हटले. बुधा म्हणाला, "शेट, तुमाला चर पुरा करायचा हाय का नाय?" मी कुदळ उचलली. हल्ली गडी फार बोलतात.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सुलू आणि दिनानाथ येऊन गेले. चर पुरा झाला, फरश्या बसल्या. दमयंतीबाईंनी ट्रंक उन्हात घातली आहे.

आज संध्याकाळी त्या बांधावर फूट विरळ करीत होत्या. मी तिथे गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, ते सगळे विसरलो. म्हणालो, "तुमी गेल्यावर ही छाटणी कोण करणार?"

"तुम्ही."

"मला एकट्याला होणार नाय."

"बुधा आहे."

"बुधाला समजत नाय."

त्यांनी विळा खाली ठेवला. "विश्रामभाऊ, मी पाच वर्षं तुमच्या शेजारी राहते. तुम्ही झाडाबद्दल बोलता, विहिरीबद्दल बोलता, कौलांबद्दल बोलता. मी उद्या तिकीट काढायला माणूस पाठवणार आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आज म्हणा, आणि झाडाचं नाव न घेता म्हणा."

मी म्हणालो, "जाऊ नका."

"का?"

"तुमी नसलात की मला घरी जावंसं वाटत नाय. आणि असलात तरी नाय वाटत. बांधावरच थांबावंसं वाटतं." मग म्हणालो, "त्या दिवशी विहिरीपाशी बोललो, ते माझ्या मनातनं गेलं नाय. माफी मागायची राहिली."

त्यांनी विळा उचलून त्याची माती पुसली. मग म्हणाल्या, "माणूस उद्या पाठवत नाही. पण आधी सुलूला विचारा. तिच्या मनाविरुद्ध मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."

आता लिहिताना वही पहिल्यापासून चाळली. वकील म्हातारे झालेले नाहीत.

२० नोव्हेंबर

सरावलीला गेलो. सुलू भाकऱ्या करीत होती. तासभर इकडचे तिकडचे बोललो. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, जे सांगायला आलाय ते सांगा. माझं पीठ संपलं."

सांगितले. ती तशीच पिठाच्या हाताने उठली. मला वाटले रडणार, रागावणार. आईचे नाव घेईल याचीच मला भीती होती. तिने घेतलेही. म्हणाली, "आई गेल्यापासून मी इथं जेवायला बसले की तुमी जेवला असाल का, हाच विचार. दहा वर्षं." मग डोळे पुसले, तर पीठ लागले गालाला. "मी येते उद्या. तुमच्याकडं नाय, दमयंतीमावशीकडं."

२१ नोव्हेंबर

सुलू आली, तडक पलीकडे गेली. आतून दोघींचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. मी आणि बुधा पानांच्या चळती बांधत बसलो. माझी एकही धड बांधली गेली नाही. दुपारी सुलू बाहेर आली आणि म्हणाली, "मार्गशीर्षात करू. आमच्या अंगणात. मामंजींना मी सांगते."

१५ डिसेंबर

आज सकाळी सरावलीला, सुलूच्या अंगणात, लग्न झाले. सुलूच्या सासऱ्यांनी भटजी आणले. माझे थोरले चुलतभाऊ अण्णा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते, ते आले, मागे उभे राहिले, जेवून गेले. जाताना म्हणाले, "पन्नाशी उलटल्यावर अक्कल येते ती अशी." हे चांगल्या अर्थी की वाईट, ते मी विचारले नाही. बुधा आणि लाडकी नवे कपडे घालून आले होते. लाडकीने दमयंतीला फुले दिली.

दुपार ढळता आम्ही घरी आलो. दमयंतीने घड्याळ भिंतीला लावले, ट्रंक कोपऱ्यात ठेवली, चुलीकडे एकदा पाहून घेतले आणि म्हणाली, आज तुम्ही करा, उद्यापासून वाटून घेऊ. मी वालाचे बिरडे केले. माझे बिरडे गावात नावाजलेले आहे. तिने चांगले जेवून घेतले, वाटी पुसून घेतली. मी आणखी वाढायला गेलो तेव्हा तिने हात आडवा धरला.

"एक सांगू का? रागावणार नाही ना?"

"सांग."

"मला वाल आवडत नाहीत. लहानपणापासून."

पाच वर्षे आम्ही शेजारी होतो, वर्षभर रोज भेटत होतो, आणि हे मला ठाऊक नव्हते. आमच्या घरात आठवड्यातून चार दिवस वाल असतात. मागचे सगळे वावर मी वालाने पेरून ठेवले आहे, शेंगा धरायला लागल्या आहेत.

"मग काय आवडतं?" मी विचारले.

"चवळी," ती म्हणाली.

उद्या बुधाबरोबर अर्धे वावर मोकळे करायचे. चवळीला अजून ओल आहे.